चौकटीतला कवडसा

यंदा चैत्रातच टँकर सुरू झाले. उमरग्यात आमच्या गल्लीत टँकर सकाळी सातच्या सुमाराला येतो. त्याच्या आधी अर्धा तास घागरी, कॅन, निळे ड्रम रांगेत येऊन बसलेले असतात; माणसं मागाहून येतात. मी माझे दोन कॅन भरून घेतो. बायको नातीला सांभाळायला पुण्याला आहे, घरात मी एकटा, त्यामुळे दोन कॅन दीड दिवस पुरतात. शेजारीण म्हणते, "सर, तुमचं बरंय. तुम्हाला लागतंयच किती!" आपल्याला इतकं कमी लागतं याचं कौतुक करून घ्यावं की वाईट वाटून घ्यावं, हे माझं अजून ठरलेलं नाही.

स्वयंपाकघरावर पत्रे आहेत. त्यातल्या एकाला खिळ्याचं जुनं भोक आहे, आणि साडेनऊच्या सुमाराला त्यातून एक कवडसा ओट्यावर उतरतो. तिथून तो सरकत सरकत डब्यांच्या फळीवर जातो. भोक बुजवायला माणूस आला होता. मी त्याला चहा पाजला, गावाकडच्या गप्पा मारल्या आणि भोक तसंच ठेवायला सांगून परत पाठवलं. त्याला वाटलं असणार, म्हातारा पैशाला चिकट आहे. मला उन्हाळ्यात हा कवडसा लागतो. तो आला की मी हातातलं काम सोडतो आणि त्याच्याकडे बघत बसतो. माझे पाय तेव्हा आपोआप ताठ होतात.

गेल्या महिन्यात पुण्याला लेकीकडे गेलो होतो. जावई प्रशांत संगणकाच्या कंपनीत आहे. त्याने घरातल्या एका खोलीत विमान बांधलंय. बांधलंय म्हणजे खरोखरच बांधलंय: प्लायवूडची चौकट, समोर तीन पडदे, एका जुन्या गाडीची सीट, प्लास्टिकच्या पाइपाचा दांडा, आणि पायाखाली बिजागऱ्या-स्प्रिंगा लावून घरीच केलेली दोन पायडलं. शनिवारी संध्याकाळी तो त्या खोलीत बसून पुण्याहून गोव्याला जातो आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत येतो. लेक म्हणते, "बाबा, दोन बेडरूमचं घर घेतलं, त्यातल्या एकीत विमानतळ निघाला." असा छंद असलेले पुष्कळ लोक आहेत म्हणे. कुणाला हसू येईल. मला आलं नाही. त्या दांड्याला गुंडाळलेली काळी पट्टी चाचपत मी उगीचच विचारलं, "हे लाकडाचं का नाही केलंस?"

त्याने मला आग्रह करून सीटवर बसवलं. धावपट्टीवर विमान सरळ पुढे न्यायचं, एवढंच काम होतं. विमान थोडं उजवीकडे कलायला लागलं. त्याला डावीकडे आणायचं म्हणून मी पाय दाबला. विमान आणखी उजवीकडे गेलं आणि गवतात शिरलं.

"बाबा, उलटं दाबताय तुम्ही," प्रशांत हसून म्हणाला. "डावीकडे जायचं तर डावा पाय."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

इतक्या तुसडेपणाने म्हणालो की त्याचं हसू गेलं. नंतर त्याने मला एक गोष्ट विचारली आणि मी तिचं उत्तर दिलं. ती शेवटी सांगतो. तिच्यामागे एक अख्खा उन्हाळा आहे, आधी तो सांगायला हवा.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आमचं गाव मुरुमपासून अडीच कोसांवर. गावाला एक तलाव, तलावाच्या काठावर उपसा सिंचन सोसायटीचं पंपघर, आणि पंपघराची किल्ली माझ्या वडिलांकडे. त्यांना मी अण्णा म्हणायचो. अण्णा चौथी शिकलेले. सोसायटीचं डिझेल इंजिन चालवणं आणि पाटात पाणी सोडणं हे त्यांचं काम. आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसाच्या हातात गावाच्या पाण्याची किल्ली येणं ही काय गोष्ट होती, ते आज सांगून कुणाला कळायचं नाही. माझ्या आजोबांच्या वेळी या तलावाचा आमचा काठ वेगळा होता. अण्णा ती किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधायचे आणि अंघोळीलाही सोडायचे नाहीत.

त्या वर्षी सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला आणि माघातच तलाव आटला. सगळ्यात आधी बगळे गेले. मग गाळाच्या खपल्या उन्हाने वळून वर आल्या. त्यांच्यावरून चालताना पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. शिंपले पांढरे पडले. उपसायला पाणीच नाही, त्यामुळे इंजिन बंद. तरी अण्णा रोज सकाळी आठला पंपघरात जायचे. कुलूप उघडायचे, इंजिनावरची धूळ पुसायचे, तेलाचे दोन थेंब सोडायचे, आणि दारात बसून तलावाच्या खड्ड्याकडे बघत राहायचे. सोसायटीचे एक संचालक एकदा म्हणालेही, "कशाला येतूस रे रोज? पानी आल्यावर ये की." अण्णा म्हणाले, "पानी आलं आन् म्या नसलो तर?"

माझी आई मी दहावीत असताना गेली. बहीण लग्न होऊन अणदूरला. घरात आम्ही दोघे, आणि दोघेही मुलखाचे अबोल. सकाळी भाकरी ते थापायचे, कोरड्यास मी करायचो. जेवताना "मीठ दे" आणि "झालं का" यापलीकडे बोलणं नाही. मी बी.एस्सी. होऊन घरी बसलेला. गावात माझ्याशी बोलावं असं कुणी नव्हतं, किंवा मी बोलावं असं कुणी नव्हतं, दोन्ही सारखंच. वयाची विशी म्हणजे मित्रांची मैफल वगैरे लोक लिहितात तेव्हा मला जरा हेवा वाटतो. माझी विशी पत्र्याखाली गेली.

विमानाचं वेड मात्र जुनं. बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. आई आणि अण्णा बंडिंगच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि मी तिथेच दगडांच्या सावलीत बसायचो. एका दुपारी डोक्यावरून विमान गेलं. दुष्काळ बघायला कुणी मोठा माणूस आलाय म्हणे, असं मुकादम म्हणाला. सगळ्यांचे हातोडे थांबले. अण्णांनी मला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "बघ, त्येच्यातून आपण केवढं दिसत असू." आई म्हणाली, "दिसत असू का पण?" त्या एका वाक्यामुळे मला वर जायचं होतं. वरून बघायचं होतं की आम्ही दिसतो का.

आणि त्या कोरड्या वर्षी, सगळं आटत चाललेलं असताना, मला वायुदलाच्या निवड मंडळाचं बोलावणं आलं. सोलापूरला लेखी परीक्षा दिली होती, तिच्यात निघालो. पोस्टमनने पाकीट अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. धोतराला हात पुसून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं.

शेजारच्या गावात एक फौजी तात्या होते. सैन्यात गाडी चालवून निवृत्त झालेले, मिशा राखलेले, कुठल्याही विषयावर माहिती देणारे. त्यांच्या जुन्या साहेबाचा मुलगा वैमानिक झाला होता, म्हणून आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. तात्या म्हणाले, "बाकीचं समदं हुईल. पर एक मशीन आसतंय. समूर पांढरा ठिपका पळतोय. हातात एक दांडा, त्येनं ठिपका वर-खाली. पायाखाली दोन पायडलं, त्येनं डावी-उजवीकडं. ठिपका चौकटीत धरायचा. हात-पाय एका टायमाला चालाय पायजेत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आन् ही परीक्षा आयुष्यात एकदाच. हुकली की हुकली. परत बसू देत न्हाईत."

परतताना दोन कोस अण्णा माझ्या पुढे चालत होते. गावाच्या वेशीजवळ म्हणाले, "एकदाच?"

"एकदाच."

"मग हितं हजारदा करून जा की," अण्णा म्हणाले.

अशी आमची विमानाची तयारी सुरू झाली. सोसायटीच्या सामानाला अण्णांनी हात लावला नाही. एक खिळासुद्धा नाही. रुमणं एका मोडक्या नांगराचं मिळालं, तो झाला दांडा. बसायला पाय तुटलेली खुर्ची विटांवर टेकवली. पायाखाली बाभळीची एक आडवी पट्टी, मधोमध बोल्टवर फिरणारी, तिच्या दोन्ही टोकांना टायरच्या चपलांचे तळवे ठोकलेले. आणि ठिपका? ठिपका सूर्याचा. पंपघराच्या पत्र्याला एक भोक होतं. त्यातून दहाच्या सुमाराला जो कवडसा पडायचा, त्याच्याखाली अण्णांनी त्यांचा दाढीचा आरसा ठेवला. त्या आरशाचं स्टँड वर-खाली कलायचं. त्याला सायकलच्या ब्रेकची तार लावून रुमण्याशी जोडली. स्टँडखाली एका लाकडी पाटावर बसवलेला सायकलचा जुना हब, म्हणजे आरसा डावी-उजवीकडेही फिरणार; हबाला दोन दोऱ्या बांधून त्या पायाच्या पट्टीला आणल्या. समोरच्या भिंतीवर चुन्याने वीतभर चौकट काढली. दांडा हलला, पाय हलले, की उन्हाचा ठिपका भिंतभर पळायचा. पहिल्यांदा तो हलला तेव्हा अण्णा लहान मुलासारखे हसले होते. त्यांचं तसं हसणं मी त्याआधी पाहिलेलं आठवत नाही, आणि त्यानंतरही नाही.

आता ती दोरीची गोष्ट.

अण्णांनी पहिल्यांदा त्या दोन दोऱ्या फुली मारून बांधल्या होत्या. डाव्या पायाची दोरी हबाच्या उजव्या अंगाला, उजव्या पायाची डाव्या अंगाला. इंजिनाचा पट्टा उलटा फिरवायचा असला की मध्ये फुली मारून चढवतात, ते त्यांच्या हातातलंच काम. डावा पाय दाबला की ठिपका डावीकडे जायचा. मी ते बघितलं आणि हसलो. बी.एस्सी. होतो ना.

"अण्णा, हे उलटं झालंय," मी म्हणालो. "सायकलचं हँडल बघा. डाव्या हातानं पुढं ढकललं की चाक कुठं वळतं? उजवीकडं. मधी बोल्ट हाय, ही पट्टी म्हंजे हँडलच की. तरफेचा नियम हाय तो."

अण्णा उठले, बाहेर टेकवलेली सायकल आत आणली, हँडल हळू ढकलून बघितलं. खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, "मला आपलं वाटलं, जिकडं दाब दिल, तिकडं जावं."

"वाटण्यावर काय असतंय अण्णा?"

"ते बी खरं," ते म्हणाले. "तू शिकल्याला हाईस. तात्याला इचारावं का येकदा?"

"ह्यात काय विचारायचंय?"

खाली बसून त्यांनी दोन्ही गाठी सोडल्या. अण्णांची गाठ ओळखू यायची: दुहेरी पीळ, आणि शेवट मेणात बुडवून चपटा केलेला. दोऱ्या सरळ बांधल्या. डावा पाय दाबला, ठिपका उजवीकडे गेला. मी म्हणालो, "हां, आता बरोबर."

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा मनात ऐकलंय, सांगता येत नाही.

पुढचे अडीच महिने रोज सकाळी दहा ते साडेअकरा मी त्या खुर्चीवर होतो. ऊन सरकेल तसा अण्णा आरशाचा पाट सरकवत न्यायचे. पत्रा तापून कडकड वाजायचा. डिझेलचा शिळा वास, घामाने भिजलेलं रुमणं, दुरून रोजगार हमीच्या खडीवरचे हातोडे. अण्णा बाजूला उकिडवे बसून तुरकाठीने आरशाला टोचायचे. ठिपका उडाला की मी तो परत चौकटीत आणायचा. ते सांगायचे नाहीत कधी टोचणार. पहिल्या आठवड्यात ठिपका भिंतीवरून छतावर, छतावरून दारातून बाहेर जायचा. महिन्याभराने चौकटीच्या आसपास राहायला लागला. मग एक दिवस असा आला की अण्णा टोचत राहिले आणि ठिपका हलला-न हलला असं करत आत बसून राहिला. पायांना विचारावं लागेना. पायांनाच सगळं कळायला लागलं.

त्या अडीच महिन्यांत आम्ही जितके एकमेकांजवळ बसलो तितके कधीच बसलो नाही. बोलणं तरीही नव्हतंच. पण त्या तुरकाठीला अण्णांचा स्वभाव होता: कधी चिडवल्यासारखी टोचायची, कधी मी थकलोय हे ओळखून जरा थांबायची. मला तेवढं पुरत होतं. माझ्या सगळ्या एकटेपणातून तो दीड तास वगळायला हवा, हे मला फार उशिरा कळलं.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. गाव तेव्हा आभाळाकडे डोळे लावून बसलं होतं. दुपारी पश्चिमेला पांढरा पुंजका दिसला तरी बायका दारात यायच्या. आणि मी? ढग आला की ठिपका मरायचा, त्या दिवशीचा सराव बुडायचा. एकदा सकाळीच आभाळ भरून आलं. खडीवरचे लोक ओरडायला लागले. मी पंपघरात बसून मनात म्हणत होतो, जाऊ दे, निघून जाऊ दे. आणि ढग खरोखरच निघून गेला. बाहेर लोक गप्प झाले. ठिपका भिंतीवर उजळला, तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच स्वतःची भीती वाटली. गावात ढगाची वाट न बघणारा मी एकटाच होतो. एकटेपणाचे पुष्कळ प्रकार मी नंतर पाहिले, पण इतका लाजिरवाणा दुसरा नाही.

मृग तोंडावर आलं तेव्हा मी निघालो. सोलापूरपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. अण्णा मुरुमच्या स्टँडवर आले होते. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "पायाकडं बघू नगंस. पायाला कळतंय आता."

दक्षिणेतल्या त्या शहरात पहिल्या चाचण्यांमधून निम्मे लोक परत गेले, मी राहिलो. मग मशीनची खोली. आत खुर्ची, दांडा, दोन पायडलं, समोर काचेवर पांढरा ठिपका. अगदी आमच्या पंपघरासारखं. मला हसू येत होतं. तिथल्या माणसाने शांतपणे, नीट, दोनदा समजावून सांगितलं: डावं पायडल दाबलं की ठिपका डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. माझ्या डोक्याला ते तत्क्षणी कळलं. माझ्या पायांना नाही.

ठिपका उजवीकडे सुटला. त्याला परत आणायला माझा उजवा पाय गेला, पंपघरात जसा जायचा तसा, आणि ठिपका आणखी उजवीकडे पळाला. मी पाय थांबवला, विचार केला, डावा दाबला. तोवर ठिपका वर गेलेला. विचार करून पाय हलवायचे आणि विचार न करता हात, हे जमेना. मी नवशिका असतो तर निभावलं असतं. पण मी हजार वेळा करून गेलो होतो. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगा होता, त्याने असलं यंत्र जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्याचा ठिपका बऱ्यापैकी चौकटीत होता.

परतीच्या गाडीत मी एकच गोष्ट ठरवत होतो: अण्णांना काय सांगायचं. खरं सांगायचं तर म्हणावं लागणार होतं, अण्णा, तुमची पहिली गाठ बरोबर होती. चौथी शिकलेल्या बापाच्या हातांना जे कळलं, ते मी हसून सोडायला लावलं. तेवढं एक वाक्य. सोलापूर आलं, अणदूर आलं, मुरुम आलं. अण्णा स्टँडवर उभे होते.

"डोळ्यात दोष निघाला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं. माझी पिशवी घेतली. बरंच चालल्यावर विचारलं, "आन् पायडलं? आपल्यावानीच व्हती का?"

"व्हय. तसलीच."

"मग हरकत न्हाय," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात शेवग्याच्या पाल्याची भाजी यायला लागली. डोळ्यांना चांगली असते म्हणून. दुष्काळात हिरवं काही मिळायचं नाही. अण्णा कुणाच्या तरी बांधावरच्या शेवग्याला चढून पाला आणायचे. पन्नाशीचा माणूस, खरचटलेल्या पोटऱ्या घेऊन भाजी निवडत बसायचा. मी मान खाली घालून ती खायचो. प्रत्येक घासाला वाटायचं, आता सांगावं. महिनाभर खाल्ली. मग एक दिवस ती एकाएकी बंद झाली. मी मनात म्हटलं, सुटलो. पाला संपला असेल. पाऊस पडून गेला होता, शेवगा उलट लसलसलेला होता, हे माझ्या ध्यानात यायला पाच वर्षं जावी लागली.

तलाव भरला. इंजिन पुन्हा धडधडायला लागलं, अण्णांचे दिवस पाटाच्या मागे जायला लागले. मला उमरग्याला हायस्कुलात नोकरी लागली, विज्ञान शिकवायला. दरवर्षी तरफेचा धडा यायचा, दरवर्षी मी तो शिकवायचो, आणि सायकलचं उदाहरण कधीच द्यायचो नाही. सुट्टीत गावी गेलो की अण्णा जेवायला वाढायचे, "मीठ हाय का," एवढं विचारायचे. पंपघरात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. त्यांनीही कधी चल म्हटलं नाही. बाप-लेक म्हणून आमचं काही वाईट नव्हतं. भांडण तर कधीच झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं. त्यात निदान कुणी काहीतरी बोलतं.

पाच वर्षांनी अण्णा गेले. चार दिवस तापाने पडले आणि गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला फौजी तात्या आले होते. मिशा पांढऱ्या झालेल्या. सगळे उठून गेल्यावर ते माझ्याजवळ सरकले.

"तुला येक सांगायचंय. तू तिकडनं आलास, त्या आखाडात तुझा बाप माझ्याकडं आला. म्हनला, साहेबाच्या पोराला कार्ड लिवा. पायडल कुनीकडं दाबलं की कुनीकडं जातंय, येवढंच इचारा. म्या लिवलं. जवाब आला. वाचून दावला तर गपकन खालीच बसला."

मी खालच्या सतरंजीची सुरकुती सरळ करत राहिलो.

"म्या म्हनलं, पोराला सांगू का? तर म्हनला, नगा. त्यानं मला सांगितलं न्हाय, म्हंजे त्येला झोंबलंय. म्या कशाला आनि उकरू. डोळ्याचं म्हनतोय तर डोळ्याचं."

म्हणून शेवगा बंद झाला होता.

किल्ली त्यांच्या करदोट्यातून काढून माझ्या बहिणीने फळीवर ठेवली होती. ती सोसायटीला परत द्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच पंपघराकडे गेलो. उन्हाळाच होता, तलावाला थोडं पाणी होतं. कुलूप उघडलं. इंजिन पुसलेलं, चकचकीत. पलीकडच्या कोपऱ्यात पोत्याखाली काहीतरी झाकलेलं. पोतं काढलं.

सगळं जागच्या जागी होतं. रुमणं, खुर्ची, आरसा, आरशावर एक कणही धूळ नाही. आणि दोऱ्या फुली मारून बांधलेल्या. दुहेरी पीळ, मेणात बुडवलेलं चपटं टोक. पट्टीवरचे टायरचे तळवे मात्र माझ्या वेळचे नव्हते. नवे ठोकलेले होते आणि तेही झिजलेले. मी माझा पाय त्यावर ठेवून बघितला. झीज माझ्या पायाची नव्हती. रुंद पंजा, फाकलेला अंगठा, टाचेकडे जास्त दाब. भिंतीवरच्या चौकटीला ताजा चुना होता.

पाच वर्षं अण्णा तिथे बसत होते. इंजिन बंद असेल तेव्हा, दहा ते साडेअकरा, एकटेच. तुरकाठीने टोचायला कुणी नाही. पोराला आयुष्यात एकदाच जे करायचं होतं ते किती अवघड होतं हे त्यांना बघायचं होतं, की दोरी बरोबर असती तर ते जमलं असतं याची खात्री करून घ्यायची होती, मला माहीत नाही. कदाचित त्यांना नुसतंच माझ्याजवळ बसल्यासारखं वाटत असेल. मी उमरग्याला होतो, एसटीने तासाभराच्या अंतरावर.

दहा वाजले. पत्र्यातून कवडसा उतरला, आरशावर पडला, भिंतीवर चढला. मी खुर्चीत बसलो. ठिपका उजवीकडे होता. मी पाय दाबला. तो आणखी उजवीकडे गेला. मग मी मोठ्याने म्हणालो, "अण्णा, तुमची गाठ बरोबर होती." पत्रा कडकड वाजला, बाकी काही नाही. मी खूप रडलो. त्यांच्या अंत्ययात्रेत न आलेलं सगळं रडू तिथे आलं. मग उठलो, सगळ्यावर पोतं घातलं, आणि किल्ली सोसायटीत नेऊन दिली.

ती सोसायटी पुढे बुडाली, पंपघराचे पत्रे कुणी नेले, आता तिथे नुसता चौथरा आहे. आरसा तेवढा माझ्याकडे आहे. मी त्यातच दाढी करतो.

तर पुण्याला, त्या विमानाच्या खोलीत, मी तुसडेपणाने बोललो आणि प्रशांतचं हसू गेलं. चांगला मुलगा आहे. जरा वेळाने तो हळूच म्हणाला, "बाबा, तुमच्या पायांना तशीच सवय असेल तर काही अडचण नाही. संगणकात एक सोय असते. एक टिक मारली की पायडलं उलटी होतात. डावं दाबलं की उजवीकडे. तुम्हाला तसं करून देऊ का?"

त्याचा हात माउसवर होता. समोरच्या पडद्यावर विमान गवतात उभं होतं, नाक वाकडं करून. मी माझ्या पायांकडे बघितलं.

"नको," मी म्हणालो. "एकदा उलटं करून घेतलंय मी."